रॉक: फाटलेल्या आवाजाची पार्श्वभूमी

वरातीत बँडच्या गाडीवरचा कर्णा कुणी जास्त ओढला की मागून ओरड येतेच, "आवाज फाटी ऱ्हायना, कमी कर!" बटण लगेच मागे फिरतं. खानदेशात जो दोष म्हणून असा झटपट झाकला जातो, तोच रॉक संगीताचा पाया आहे. रॉकच्या उपप्रकारांची यादी हवी तेवढी लांबवता येते, पण त्यांच्यातले बरेचसे फरक गायकाच्या केसांवरून किंवा कपड्यांवरून कळत नाहीत. आवाज किती फाडला, कुठल्या पट्टीत फाडला आणि कुठल्या लयीत फाडला, एवढं विचारलं की गुंता सुटायला लागतो.

आपल्याकडे हा गुंता जरा जास्तच आहे, कारण रॉक इथं क्रमानं आलाच नाही. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या, पुढे केबल गावोगाव गेली, मग मोबाइल आला आणि साठ वर्षांचं संगीत एकदम एका ढिगात पडलं. जळगाव-धुळ्याकडच्या पोरानं मेटल, म्हणजे रॉकचा सर्वांत दणकट प्रकार, आधी ऐकलेलं असतं आणि ब्लूज बहुधा कधीच नाही. बँडची नावं तोंडपाठ असतात, कशातून काय निघालं ते राहून जातं.

सुरुवात तारेपासून करू. इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. तार हलली की वेढ्यांत किंचित वीज तयार होते. तीच अ‍ॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे, जाते. चुंबक आणि वेढ्यांचा हा संच म्हणजे पिकअप. तो १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आला, तोही मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारसाठी. एकेरी वेढ्याच्या पिकअपची खोड अशी, की तो आसपासच्या विजेच्या तारांचा गुंजारवही पकडतो. अमेरिकेत तो ६० हर्ट्झचा, आपल्याकडे ५० हर्ट्झचा. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन वेढे उलटसुलट जोडून हा गुंजारव कापला. त्याला हंबकर म्हणतात. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमधला (१९५४) एकेरी पिकअप टणत्कार देतो, हंबकर जाड आणि दणकट वाजतो. सर्फ रॉक या स्वच्छ गिटारच्या प्रकाराची खणखण आणि मेटलची भिंत यांतला निम्मा फरक या तांब्याच्या वेढ्यातच आहे. (मांडवात गिटार हातात असताना माइकला ओठ लागून झटका बसला, तर पिकअपला दोष देऊ नये. अर्थिंग नाही, एवढाच त्याचा अर्थ. आधी वायरमनला बोलवावं.)

आता फाटणं म्हणजे नेमकं काय. अ‍ॅम्पला त्याच्या ताकदीइतकीच लाट उचलता येते. त्याहून जास्त सिग्नल दिला की लाटेचा माथा कापला जातो आणि त्या कापलेपणातून मूळ स्वराचे वरचे उपस्वर (त्याच्या पटीतल्या कंपनांचे बारीक सूर) जोरात बाहेर पडतात. आवाज दाट, खरखरीत आणि लांब टिकणारा होतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये माथा गोलसर दबतो, ट्रान्झिस्टरमध्ये सुरीनं कापल्यासारखा सपाट होतो. तरीही गिटारचा फाटलेला आवाज सुसह्य का आणि वरातीतला का नाही? गिटारच्या अ‍ॅम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडतच नाही. करकर तिथंच गाळली जाते. म्हणून डिस्टॉर्शनचा पेडल, म्हणजे आवाज फाडणारी पायाखालची डबी, थेट डीजेच्या मिक्सरला जोडला की गिटारऐवजी पत्र्याच्या डब्यात कोंडलेले भुंगे ऐकू येतात. अ‍ॅम्पसमोर माइक लावावा, किंवा स्पीकरची नक्कल करणारं यंत्र मध्ये घालावं.

रॉकची मुळं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज, गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये आहेत. ब्लूजचा साचा बारा बारचा, प्रत्येक बार चार मात्रांचा. पहिले चार बार षड्जावर, दोन मध्यमावर, दोन पुन्हा षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर. हा साचा हाताला बसला की रॉकच्या सुरुवातीच्या काळातला गायक-गिटारवादक चक बेरी याची निम्मी गाणी साथीला घेता येतात. अडचण तालाची होते. आपला हात सवयीनं समेवर पडतो, रॉकमध्ये स्नेअरचा (ड्रमच्या संचातल्या खरखरीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा) फटका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. तबला किंवा ढोलकीवरून ड्रमकडे आलेला वादक इथंच आठवडाभर अडतो.

या संगीतात आवाज पहिल्यांदा फाटला तो अपघातानंच. १९५१ मध्ये मेम्फिसला 'रॉकेट ८८' ध्वनिमुद्रित झालं. गिटारवादकाचा अ‍ॅम्प वाटेत बिघडला आणि फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं, असं सांगतात. लिंक रे यानं १९५८ च्या 'रम्बल'साठी स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली. या तुकड्यात शब्द एकही नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी त्यावर बंदी घातली. १९६४ मध्ये किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसनं स्पीकरच्या कागदावर ब्लेड फिरवलं. दरम्यान नॅशव्हिलमध्ये ग्रेडी मार्टिन या वादकाची बास गिटार मिक्सरच्या बिघडलेल्या भागातून गेली आणि १९६१ मध्ये गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका कंट्री गाण्यात घुरघुरत उतरली. तीच घुरघुर बटणावर यावी म्हणून १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन हा पेडल निघाला. तो फारसा विकला जात नव्हता. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' आलं आणि दुकानांतले पेडल संपले. बिघाड आता विकत मिळू लागला होता.

त्याच सुमाराला लंडनमध्ये जिम मार्शल यांनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पवरून आपला अ‍ॅम्प बेतला. द हू या बँडच्या पीट टाउनशेंडला तोही पुरेना, म्हणून १९६५ च्या आसपास १०० वॅटचा आला आणि त्याखाली चार-चार स्पीकरच्या पेट्या एकावर एक चढल्या. इतक्या आवाजात गिटार अ‍ॅम्पसमोर धरली की तार स्वतःच थरथरत राहते. मांडवात माइक कर्ण्यासमोर नेल्यावर होणारी शिट्टी ती हीच. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं तिला सुरात बांधलं. सायकेडेलिक, म्हणजे धुंदीचा भास देणारा, रॉक त्याच काळातला. बीटल्सनी १९६५ मध्ये सतार आणली, पुढच्या वर्षी तानपुऱ्यासारखा एकच आधारस्वर धरून गाणं रचलं. त्यामानानं सतारीची फॅशन फार टिकली नाही, आधारस्वर मात्र राहिला.

तानपुऱ्याचा संबंध इथं नुसता शोभेचा नाही. रॉकमध्ये ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो षड्ज आणि पंचम, फार तर वरचा षड्ज. गंधार गाळलेला. कारण साधं आहे. तानपुरा नीट जुळला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो; तो षड्जाचाच पाचवा उपस्वर. फाटलेल्या आवाजात हा उपस्वर मोठा होतो. गिटारचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) हार्मोनियमसारखे समान स्वरांतरानं बसवलेले असतात, त्यामुळे तिथला शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. दोन्ही एकत्र आले की भांडण. पंचमात हा फरक जेमतेम २ सेंटचा, म्हणून षड्ज-पंचम कितीही फाडला तरी सूर टिकतो. नवशिका पूर्ण मेजर कॉर्ड डिस्टॉर्शनवर वाजवतो आणि गिटार बेसूर आहे म्हणून दुकानात परत घेऊन जातो.

हेवी मेटलचा जन्मही एका अपघाताशी जोडलेला आहे. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक, बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, याची मधल्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच उजवा. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या आणि पुढे सूरच खाली उतरवला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये बराचसा भाग दीड स्वर खाली आहे. ब्लॅक सॅबथच्या फेब्रुवारी १९७० च्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं षड्ज आणि तीव्र मध्यमावर उभं आहे. यमनात हा मध्यम पंचमाकडे झुकतो म्हणून गोड लागतो. इथं त्याला पंचमाचा आधार न देता लोंबकळत ठेवलाय, म्हणून भीती वाटते. डूम मेटल हा याच गाण्याचा वंश: लय संथ, पट्टी खाली, आवाज चिखलासारखा जड.

खाली सूर लावणाऱ्यांनी आपल्या हवेचा हिशेब ठेवावा. सूर उतरवला की तारांचा ताण कमी होतो, मान मागे झुकते आणि तारा फ्रेटवर खडखडतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठाक होते. लाकूड आकसून मान आणखी मागे जाते, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. दोन्ही एकदम झालं की दोष गिटारचा वाटतो. नेहमीच्या १०-४६ च्या जागी ११-५४ या जाड तारा घालाव्यात (आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले), ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली लोखंडी सळई, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, आणि सातव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांत ०.२ मिलिमीटरच्या आसपास फट आली की थांबावं. पावसाळ्यात मान फुगून पुढे येते, तेव्हा हाच उद्योग उलटा.

सत्तरच्या दशकात वाटा फुटल्या. लेड झेपेलिन आणि डीप पर्पल यांचा हार्ड रॉक ब्लूजला धरून राहिला. प्रोग्रेसिव्ह रॉकनं लांबी आणि ताल वाढवले. पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) सात मात्रांवर चालतं. रूपकाची सवय असलेल्याला ते सोपं जावं, पण रूपकात सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, असते आणि इथं पहिल्या मात्रेवर दणका, म्हणून पाय चुकतो. गिटारचा सोलो आला की ताल चार मात्रांवर येतो, तिथं सगळ्यांना बरं वाटतं. या लांबणीला कंटाळून पंक आला. रॅमोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्ध्या तासात संपतात. तीनचार कॉर्ड, सगळे फटके वरून खाली. वाजवायला सोपं वाटतं, दुसऱ्याच गाण्यात मनगट धरतं.

मेटलचा वेग पंकमधून आला. आयर्न मेडन आणि ब्रिटिश मंडळींनी जोडगिटार आणली, मेटालिकानं १९८३ मध्ये तिला पंकची घाई जोडली, आणि थ्रॅश झाला. त्याची खूण म्हणजे तळहाताची कड ब्रिजवर (गिटारच्या घोडीवर) टेकवून दाबलेला 'झुक-झुक' फटका. फ्लोरिडात डेथ मेटलनं गळा घोगरा केला; नॉर्वेच्या ब्लॅक मेटलनं उलट दिशेनं जाऊन आवाज पातळ, बोचरा आणि मुद्दाम कच्चा ठेवला. ग्राइंडकोर या अतिवेगवान प्रकारात नेपाम डेथ या बँडचं १९८७ चं एक गाणं सव्वा सेकंदाच्या आसपासचं आहे. त्याला गाणं म्हणावं का, हा वाद त्या गाण्यापेक्षा बराच लांब चालतो. १९९१ मध्ये निर्वाणाचं 'नेव्हरमाइंड' आलं, ग्रंज घराघरात पोचला: कडवं हळू, धृपद फाडलेलं. कॉर्न या बँडनं १९९४ मध्ये सात तारांची गिटार रुळवली, तिची सर्वांत खालची तार नेहमीच्या जुळणीतही ६२ हर्ट्झच्या आसपास, आणि तिथून बासच्या हद्दीत अतिक्रमण सुरू झालं.

इथं बहुतेक नवे बँड घसरतात. एकट्यानं खोलीत वाजवताना गेन (फाडण्याचं प्रमाण) दहावर आणि मिड (मधले सूर) शून्यावर छान वाटतो. ड्रम आणि बास सुरू झाले की ती गिटार ऐकूच येत नाही, कारण तिची ओळख ४०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि तोच कापलेला असतो. मिड पाच-सहावर आणावा, गेन निम्मा करावा. ध्वनिमुद्रणात भरीव लागणाऱ्या गिटारी बहुधा कमी गेनच्या, पण दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवलेल्या असतात.

दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडनं मेटलमध्ये ढोल आणि बासरी आणली आणि २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात ती वाजली. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-अक्कलकुव्याकडे ढोल आणि पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) दोन्ही हाताशी आहेत, तेव्हा असा प्रयोग इथं कुणाला सुचला तर नवल नाही. त्यात पहिली टक्कर ढोलाच्या धुमाची आणि गिटारच्या खालच्या तारेची होईल. गिटार १०० हर्ट्झच्या खाली कापावी, बास गिटारनं ढोलाच्या फटक्यांमधली जागा धरावी, आणि पावरीच्या सुरावर गिटार मिळवावी. पावरीला खुंट्या नसतात.