पार्श्वभूमी : प्लास्टिकच्या आधीची दगडी भिंत

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली क्लाइंबिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा टीव्हीवर दिसल्या त्या भडक रंगांच्या प्लास्टिक पकडी. ते पाहून हा खेळ वातानुकूलित जिममध्येच जन्मला असं कुणालाही वाटेल. पण शहरातल्या दगडी भिंतींवर बोटं रोवणारी माणसं त्याच्या शंभर वर्षं आधीपासून होती. भिंत मात्र बहुतेक वेळा भलत्याच कामासाठी बांधलेली असायची.

या गोष्टीची सुरुवात सहसा केंब्रिजपासून सांगतात. तिथले विद्यार्थी रात्री कॉलेजांच्या इमारतींवर चढायचे. पुढे आल्प्समध्ये नाव कमावलेल्या ज्योफ्री विन्थ्रॉप यंग यांनी विद्यार्थिदशेत ट्रिनिटी कॉलेजच्या छपरांवर चढण्याची चक्क मार्गदर्शिका लिहिली, तीही निनावी. पकडलं गेलं तर कॉलेजातून हकालपट्टी, त्यामुळे नाव घालण्याची सोय नव्हती. तरी माझ्या मते याला बोल्डरिंगचं, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढण्याच्या प्रकाराचं, मूळ म्हणणं जरा ओढूनताणून आहे. तिथे ओढ होती ती उंचीची आणि चोरून चढण्यातल्या मजेची. पावसाच्या पाण्याचे पाइप, दोन भिंतींमधल्या फटी, जे हाताला लागेल ते धरून वर जायचं.

बोल्डरिंगला जवळची आहे ती आडवी चढाई. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर पाय ठेवायचे आणि भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायचं. खाली टाकायच्या जाड गाद्या, म्हणजे क्रॅश पॅड, बाजारात मिळू लागल्या त्या १९९०च्या दशकात. तोवर फुटपाथवर पडूनही घोटा शाबूत राहील इतपतच उंची शहाणपणाची. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या ब्रूमग्रोव्ह रोडची भिंत अशाच आडव्या चढाईसाठी तिथल्या क्लाइंबर मंडळींना ठाऊक आहे.

अशा भिंतीवर पकड मिळते ती मुख्यतः दर्जांमध्ये, म्हणजे दगडांच्या सांध्यांमध्ये. गवंड्याने दोन दगडांच्या मधे भरलेला चुना पावसापाण्याने झिजतो आणि बोटाचं पहिलं पेर जेमतेम मावेल एवढी खाच उरते. तळव्याला आधार नाही, अंगठ्याला काम नाही, सगळं वजन चार पेरांवर. पायाला मिळते दगडाची कड, तीही पाव इंचाची. महिनाभरात भिंत पाठ होते, मग मंडळी स्वतःवरच बंधनं घालून घेतात. हा कोपरा चालणार नाही, त्या मोठ्या दगडाला हात लावायचा नाही, डावा पाय फक्त खालच्या थरावर. नियम कुठेही लिहिलेले नसतात, पण मोडला तर चार जण ओरडतात.

मुद्दाम चढण्यासाठी दगड रचायची कल्पना अमेरिकेत सिअ‍ॅटलला आकाराला आली. क्लार्क शुरमन हे स्काउटमास्तर आणि माउंट रेनियरवरचे मुख्य वाटाडे. खऱ्या डोंगरावर जी जी अडचण येते ती एकाच ठिकाणी मुलांना शिकता यावी, असा कृत्रिम खडक त्यांनी आखला. मंदीच्या काळात बेकारांना काम देणारी, आपल्या रोजगार हमीसारखी सरकारी योजना तेव्हा चालू होती. तिच्या मजुरांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस हा वीस-पंचवीस फुटी खडक बांधला. तो आज शुरमन रॉक म्हणून ओळखला जातो. १९६३ साली एव्हरेस्टवर पोचलेले पहिले अमेरिकन जिम व्हिटेकर याच भागात वाढले आणि या खडकावर चढले होते.

तरीही आजच्या जिमच्या भिंतीचा खरा पूर्वज मला इंग्लंडच्या लीड्समध्ये दिसतो. १९६४ साली तिथल्या विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या डॉन रॉबिन्सन यांनी इमारतीतल्या एका बोळाच्या विटांच्या भिंतीत खऱ्या दगडाचे तुकडे बसवले. यॉर्कशरचे कडे हिवाळ्यात ओले आणि गारठलेले, दिवस तोकडा; बोळात मात्र रात्रीही दिवे. दिसायला अगदीच सामान्य प्रकरण. फरक दिसला तो कड्यांवर. जॉन सायरेट नावाचा विद्यार्थी या बोळात तासन्‌तास घालवून तयार झाला आणि १९७० साली आल्म्सक्लिफ या कड्यावरची ‘वॉल ऑफ हॉरर्स’ चढून गेला. अ‍ॅलन ऑस्टिन यांनी १९६१ साली पहिल्यांदा केलेल्या त्या चढाईच्या वाटेला फारसं कुणी जात नसे. कड्यावर वर्षानुवर्षं उमेदवारी केल्यावरच हात तयार होतो, ही जुन्या मंडळींची समजूत तिथे डळमळली. बोटांची ताकद भिंतीवर कमावून कड्यावर नेता येते, हे उघड झालं.

लीड्सच्या भिंतीची अडचण एकच, सिमेंटमध्ये बसलेला दगड हलत नाही. १९८७ साली सिअ‍ॅटलमध्ये अमेरिकेतलं पहिलं व्यावसायिक क्लाइंबिंग जिम निघालं, तिथेही सुरुवातीला भिंतींना दगडच चिकटवलेले होते. नट-बोल्टने लावता-काढता येणाऱ्या पकडी रुळल्यावर दर पंधरवड्याला नवा मार्ग लावणं शक्य झालं आणि धंद्याचं गणित जमलं. स्पर्धांनाही तेच हवं होतं, कारण स्पर्धकांनी मार्ग आधी चढून पाहिलेला चालत नाही.

त्या स्पर्धांची वाट महाराष्ट्रातही आली. १९५४ पासूनच्या ‘गिरिविहार’ या मुंबईच्या संस्थेने २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतली फेरी भरवली. त्यामागे बेलापूरच्या नैसर्गिक धोंड्यांवरचा सराव होता. दगडी भिंती आपल्याकडे काही कमी नाहीत, पण त्यातल्या उत्तमोत्तम गडांच्या तटबंदीत आहेत. रायगडासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण हा १९५८च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, वड-पिंपळाच्या मुळ्यांनी सैल केलेला तटाचा चिरा शरीराच्या ओढीने सुटू शकतो, आणि पकड घट्ट राहावी म्हणून हाताला लावायच्या चॉकचे पांढरे डाग काळ्या दगडावर लांबूनही दिसतात.