खोटारड्या मुलीची शिक्षा

‘लांडगा आला रे आला’ ओरडणाऱ्या पोराचं काय झालं, ते आपल्याला पाठ आहे. हिलेअर बेलॉक यांच्या १९०७ च्या कवितेत माटिल्डाच्या वाट्याला तेच येतं. ती गंमत म्हणून लंडनचं अग्निशमन दल बोलावते. पुढं घर खरंच पेटतं, तेव्हा तिच्या हाकेला ‘खोटारडी!’ एवढंच उत्तर मिळतं. आत्या नाटकाहून परतते तो घरही गेलेलं, माटिल्डाही. बेलॉक बोधकथांची टिंगल करत होते. म्हणजे तो साचा तेव्हाच गुळगुळीत झाला होता.

पुढच्याच वर्षी एल. एम. मॉन्टगोमेरी यांच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीतून कॅनडातली अनाथ ॲन आली. हरवलेल्या ब्रोचबद्दल कबुली दिल्याशिवाय खोलीबाहेर यायचं नाही, असं तिला सांभाळणारी मरिला बजावते. सहल चुकू नये म्हणून ॲन ‘तळ्यात पडला’ अशी कबुली रचते. ब्रोच निघतो मरिलाच्याच शालीला अडकलेला. इथं खोटं बोलायला लावणारं मोठं माणूसच.

पण मैत्रिणींमधलं खोटं मला खरं भिडलं ते एलिनॉर एस्टिस यांच्या ‘द हंड्रेड ड्रेसेस’मध्ये (१९४४). सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात हा धडा बरीच वर्षं होता. वांडा रोज तोच विटका निळा फ्रॉक घालते. धुतलेला असतो, पण धड इस्त्री नसते. आणि म्हणते, घरी कपाटात शंभर फ्रॉक आहेत. वर्गातली पेगी रोज मोजणी विचारते, तिची मैत्रीण मॅडी गप्प उभी राहते, कारण तिचेही कपडे दुसऱ्यांनी वापरलेले. वांडाचं घर गाव सोडून जातं आणि वर्गाच्या भिंतीवर तिनं काढलेली फ्रॉकची शंभर चित्रं लागतात. आता हे खोटं होतं का? एस्टिस उत्तर देत बसत नाहीत. झोप उडते ती मॅडीची.

लुईस फिट्झह्यू यांच्या ‘हॅरिएट द स्पाय’मधली (१९६४) अकरा वर्षांची हॅरिएट हिशेब पार उलटा करते. वहीत ती मैत्रांबद्दल खरंखुरं लिहिते, वही वर्गाच्या हाती लागते आणि डब्यातलं टोमॅटो सँडविचसुद्धा चोरीला जातं. तिला सांभाळणारी ओल गॉली पत्रातून सांगते: माफी माग, आणि खोटं बोल. १९८३ मध्ये ओहायोतल्या झेनिया गावी पुस्तकावर आक्षेप आला, की ते मुलांना खोटं बोलायला शिकवतं. तक्रार अगदीच निराधार नव्हती. हॅरिएट शाळेच्या वर्तमानपत्रात ‘ते सगळं खोटं होतं’ असं छापते, आणि शेवटी ती आणि तिचे दोन जिवलग मैत्र, स्पोर्ट आणि जेनी, असे तिघं नदीकाठानं चालू लागतात.