गोधडी म्हणजे ‘मराठी कांथा’ नव्हे

जुन्या साड्यांचे थर, त्यावर धावदोरा आणि शिवणाऱ्या बायका. एवढं साम्य दिसलं की गोधडीच्या फोटोखाली कुणीतरी ‘हा आपला कांथा’ असं लिहितंच. दरवेळी तेच.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, तिची ओळख करून द्यायला नको. बंगालचा कांथाही जन्माने तसाच: झिजून मऊ झालेल्या साड्या-धोतरांचे थर आणि साडीच्या काठातूनच उसवून काढलेला रंगीत दोरा. थर किती, आकार केवढा, बाळासाठी की पाहुण्यासाठी, हे घराघरात बदलतं. त्यात वेळ घालवू नका.

खरी गोम टाक्यात आहे. गोधडीचा टाका थर धरून ठेवतो. बऱ्याचदा कडेने सुरू होऊन चौकोनी फेऱ्या घेत तो मध्याकडे सरकतो, नाहीतर सरळ ओळींत जातो. खाली कुठलं ठिगळ आलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नक्षी कांथ्यात, म्हणजे चित्रं भरलेल्या कांथ्यात, मात्र तोच साधा धावदोरा चित्र काढतो. मध्ये कमळ, कोपऱ्यांत झाडं, अधूनमधून हत्ती, घोडे, पालख्या. आकृत्या झाल्या की उरलेल्या जागेत टाके त्यांच्याच कडेकडेने फिरतात आणि कापडावर बारीक लाटा उठतात. ओळखायचं असेल तर कापड डोळ्याआड करून नुसता दोरा पाहा. हत्ती उरला तर कांथा. ओळी उरल्या तर गोधडी.

दोरा रेघ काढू शकतो म्हणून कांथ्यात लिहिताही येतं. एकोणिसाव्या शतकातल्या मानदासुंदरी दासीने वडिलांसाठी शिवलेल्या कांथ्यावर गोरे शिपाई आहेत आणि हे आपण स्वतःच्या हाताने केलं, हेही टाक्यांनीच नोंदवलेलं आहे. बंगालच्या लोककलेचे संग्राहक गुरुसदय दत्त यांच्या संग्रहात तो आहे.

यावरून ‘कांथा ही कला, गोधडी ही नुसती गरज’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. गोधडीतही बाई बोलते, पण टाक्यातून नाही, ठिगळांतून. कुणाच्या सदऱ्याशेजारी कुणाचं लुगडं, लाल तुकडा मधोमध की कडेला, हे तीच ठरवते. फक्त ते वाचायला घरातलं माणूस लागतं.

आणि ती दुकानातली ‘कांथा वर्क’ साडी! एकेरी नवं रेशीम, थर नाहीतच, नक्षी आधी कुणीतरी कागदावर काढून कापडावर उतरवलेली. १९७१ नंतर बांगलादेशात अशा मागणीवरच्या कामाने कितीतरी बायकांच्या हाती स्वतःचा पैसा आला, ते मोलाचंच आहे. पण कमाई म्हणजे अभिव्यक्ती नव्हे. नक्षी दुसऱ्याची असेल तर टाके घालणारीचं मत त्यात कुठे शोधायचं?

कमाई आणि अभिव्यक्ती दोन्ही एकत्र पाहायचं तर बिहारमध्ये मुजफ्फरपूरजवळच्या भुसुरा गावाची सुजनी, म्हणजे जुन्या कापडांच्या थरांवर धावदोऱ्याने केलेलं तिथलं भरतकाम, पाहा. तिथल्या बायकांनी जुन्या सुजनीतून हुंडा, दारू आणि स्त्रीभ्रूणहत्या हे विषय मांडले आणि ते काम विकलंही. २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालं.

लोक तिलाही कांथाच म्हणतात.