दीड चमचा पाणी

डॅशबोर्ड कोरड्या मायक्रोफायबर टॉवेलने मन लावून पुसावा, काळाभोर दिसेपर्यंत घासावा, आणि संध्याकाळी पाहावे तर त्यावर धुळीचा बारीक थर पुन्हा बसलेला. डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत गाडी स्वतः पुसणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. हाताची काही चूक नसते. घासता घासताच प्लॅस्टिकवर विद्युतप्रभार साठतो आणि तो आजूबाजूची धूळ ओढून घेतो. तेच टॉवेल धुऊन, यंत्रात गरम हवेने वाळवून बाहेर काढले की तडतड आवाज करत एकमेकांना चिकटलेले असतात. सोडवायला जावे तर हातावरचे केस उभे राहतात आणि दाराच्या कडीला बोट लागताच चटका बसतो. हिवाळ्यात टेरिकॉटचा शर्ट अंधारात काढताना ज्यांनी ठिणग्या पाहिल्या आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल. मात्र या टॉवेलमध्ये ही खोड शर्टापेक्षा जास्त असते, आणि तिचे कारण त्याच्या तंतूतच आहे.

एक डेनिअरपेक्षा बारीक असलेल्या तंतूला मायक्रोफायबर म्हणतात. ९,००० मीटर लांब तंतूचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. रेशमाचा तंतू एक डेनिअरच्या आसपास असतो. गाडी पुसायच्या टॉवेलमधला तंतू त्याच्याही पाच-सात पट हलका, जाडीला तीन ते पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. इतका नाजूक तंतू थेट ओढून काढणे अवघड असते. म्हणून पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचा मिळून एक जाड तंतू काढतात. तो आडवा कापून पाहिला तर संत्र्याच्या फोडींसारखी रचना दिसते. नंतर रसायनांनी किंवा पाण्याच्या जोरदार माऱ्याने त्या फोडी सुट्या करतात. फोडींच्या टोकदार कडा मळ उचलतात आणि त्यांच्यामधल्या फटी पाणी धरून ठेवतात. बाजारातल्या बहुतेक टॉवेलांवर ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के नायलॉन असे लिहिलेले असते, किंवा ७० आणि ३०.

हे प्रमाण वाचून पुढे जाणारे खूप. मला तर सगळी गोष्ट तिथेच सुरू होते असे वाटते. दोन वेगवेगळे पदार्थ एकमेकांना टेकून दूर झाले की एकाकडे धन आणि दुसऱ्याकडे ऋण प्रभार उरतो. कोणता पदार्थ कोणत्या बाजूला झुकतो याची पहिली क्रमवारी योहान कार्ल विल्के या शास्त्रज्ञाने १७५७ साली मांडली. आजच्या याद्यांमध्ये नायलॉन धन टोकाजवळ असते, पॉलिएस्टर ऋण बाजूला आणि सूत जवळपास मध्यावर. म्हणजे क्रमवारीत एकमेकांपासून लांब असलेले दोन पदार्थ आपण एकाच टॉवेलमध्ये शेजारी शेजारी बसवले आहेत. बाहेरचे काहीही न घासता, नुसत्या घड्या एकमेकींवर घासूनही हा टॉवेल प्रभारित होऊ शकतो. घासण्याने नेमके काय सरकते, इलेक्ट्रॉन, आयन की पदार्थाचे सूक्ष्म कण, यावर अजूनही संशोधन चालू आहे. २०११ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की प्रभारित पृष्ठभाग सगळीकडे सारखा धन किंवा सारखा ऋण नसतो. धन आणि ऋण ठिपक्यांची त्यावर नक्षी असते, आणि आपल्याला जाणवते ती फक्त त्यांची बेरीज-वजाबाकी. शाळेत कंगवा आणि कागदाच्या कपट्यांचा प्रयोग करताना वाटले होते त्यापेक्षा हे प्रकरण बरेच खोल आहे.

पण प्रभार तयार होणे ही अर्धीच गोष्ट झाली. तो तर पावसाळ्यातही तयार होतो. मग जुलैमध्ये चटका का बसत नाही? कारण तेव्हा तंतूवर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, त्यात थोडे क्षार विरघळलेले असतात, आणि त्या वाटेने प्रभार साठायच्या आतच निघून जातो. साधारणपणे सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल त्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, चाळीस टक्क्यांखाली उतरली की ही वाट बंद पडू लागते.

इथे तंतूंची पाणी धरण्याची कुवत महत्त्वाची ठरते. सुती कापड आपल्या हाताला पूर्ण कोरडे लागते तेव्हाही त्यात पाणी असते. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत एक किलो सुतात सुमारे ८० ग्रॅम, नायलॉनमध्ये ४० ग्रॅम आणि पॉलिएस्टरमध्ये जेमतेम ४ ग्रॅम. आता हिशेब करू. चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरचा, बऱ्यापैकी जाड टॉवेल ६० ते ६५ ग्रॅमचा भरतो. असे दहा टॉवेल म्हणजे साडेसहाशे ग्रॅम. ८० आणि २० या प्रमाणाने त्यांत मिळून सुमारे सात ग्रॅम पाणी मुरलेले असते. चहाच्या चमच्याने मोजायचे तर दीड चमचा. दहा टॉवेलांना चटक्यापासून वाचवणारा हा एवढाच साठा, आणि गरम हवेचा ड्रायर तो शेवटच्या काही मिनिटांत संपवून टाकतो.

ड्रायर हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरतात. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ज्या दुसऱ्या टाकीला आपण ड्रायर म्हणतो ती फक्त कपडे गरगर फिरवून पाणी बाहेर फेकते. त्यातून कपडे ओलसरच निघतात, त्यामुळे तिथे हा त्रास नाही. त्रास आहे तो गरम हवेत कपडे उलटेपालटे करणाऱ्या यंत्रात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हिवाळ्यात तो सगळ्यात जास्त होतो. बाहेर उणे दहा अंश असताना एका घनमीटर हवेत फार तर दोन-सव्वादोन ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा घरात वीस अंशांपर्यंत तापवली की तिला सतरा ग्रॅम बाष्प सामावता येते. त्यामुळे बाहेर बर्फ पडत असला तरी घरातली आर्द्रता तेरा-चौदा टक्क्यांवर येऊ शकते. विदर्भातही एप्रिल-मेच्या दुपारी ती वीस टक्क्यांच्या आसपास उतरते.

त्यामुळे उपाय विकत आणण्याची गरज नाही. टॉवेल किंचित दमट असतानाच यंत्र थांबवा आणि ते सुटे करून अर्धा-एक तास पसरून ठेवा. हवेशी देवाणघेवाण होऊन त्यांच्या वाट्याचा ओलावा त्यांच्यात टिकून राहतो. यंत्र जास्त वेळ चाललेच, तर एक ओला पिळलेला टॉवेल आत टाकून उष्णता न देता पाच मिनिटे फिरवा. गेलेला दीड चमचा परत मिळतो.

फॅब्रिक सॉफ्टनर मात्र या टॉवेलांना लावू नका, हे मी आग्रहाने सांगेन. त्याने चटका थांबतो हे खरे. सॉफ्टनरमधल्या रेणूंचे एक टोक धनप्रभारित असते, ते तंतूला चिकटते, आणि स्निग्ध शेपट्या बाहेर राहतात. केसांच्या कंडिशनरचेही तत्त्व हेच. घर्षण कमी होते, थोडा ओलावा धरला जातो. पण ज्या फटींनी पाणी शोषायचे त्याच या मेणचट थराने बुजतात. टॉवेल पाणी टिपायचे सोडून ते ढकलत नेतो आणि काचेवर ओघळ उमटतात. सुगंधी ड्रायर शीटही तेच करतात.

उष्णतेबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकू येतो, की ड्रायरमध्ये मायक्रोफायबर वितळते. पॉलिएस्टर वितळायला अडीचशे अंशांहून जास्त तापमान लागते आणि घरगुती यंत्र तिथवर कधीच जात नाही. पण साधारण ७० ते ८० अंशांना पॉलिएस्टरची कडक रचना सैल पडू लागते, नायलॉनची त्याहून आधी. अशा अवस्थेत तंतू वाकले, की थंड झाल्यावर तसेच राहतात. टॉवेल खरखरीत होतो तो यामुळे. धुताना ४० अंश पुरेत आणि वाळवताना सगळ्यात कमी उष्णता.

धुण्याचे बाकी नियम साधे आहेत. सुती कपडे सोबत नकोत, त्यांचा सुटलेला कापूस या तंतूंत अडकून बसतो. पावडरीपेक्षा पातळ डिटर्जंट बरे, तेही थोडे. बोअरचे पाणी असेल तर एक जास्तीचे खळबळणे द्या आणि त्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घाला, म्हणजे डिटर्जंटचा आणि क्षारांचा राहिलेला अंश निघतो. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. पेट्रोल, किंवा डांबराचे डाग काढायचे सॉल्व्हंट, लागलेले फडके मशीनमध्येही नको आणि ड्रायरमध्ये तर मुळीच नको. पेट्रोलची वाफ पेटायला एका मिलीज्यूलच्या पाचव्या भागाएवढी ठिणगी पुरते, आणि बोटाला जाणवणाऱ्या चटक्यात त्याहून जास्त ऊर्जा असू शकते.

आपल्यापैकी बहुतेकांकडे दोरी असते, आणि ती या कामाला उत्तम आहे. दोरीवर कापड कापडावर घासत नाही आणि आर्द्रता हवेइतकीच राहते. दोरीची अडचण वेगळी, ती म्हणजे धूळ. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोह्स मापावर ते ७, आणि गाडीच्या रंगावरचे पारदर्शक आवरण त्यापुढे खूपच मऊ, जाडीला चाळीस-पन्नास मायक्रॉन. प्रभारित टॉवेलने ओढून आणलेला एक कण त्यावर बारीक ओरखडा उठवतो. उन्हात उजळून दिसणारी ती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे बरेचदा अशीच येतात. म्हणून रस्त्याकडच्या बाल्कनीपेक्षा घरातल्या सावलीत, पंख्याखाली वाळवा, आणि वाळल्यावर लगेच झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि डॅशबोर्डसाठी टॉवेल पाण्यात बुडवून घट्ट पिळा, मग पुसा. शेवटचा कोरडा हात फिरवायचा मोह होतो, तो मात्र टाळा. राहिलेला दमटपणा दोन मिनिटांत आपोआप उडून जातो.