विज्ञानकथा आणि गोष्टीतून सांगितलेलं विज्ञान

विज्ञानकथेला साहित्यात मानाचं पान मिळावं का, यावर मराठीत वाद सुरू झाला की दोन्ही बाजू बहुधा वेगळ्याच मजकुराबद्दल बोलत असतात. एकीला खरी विज्ञानकथा अभिप्रेत असते, दुसरीला गोष्टीच्या रूपात दिलेली शास्त्रीय माहिती. दिवाळी अंकात मात्र दोन्हींच्या डोक्यावर 'विज्ञानकथा' असंच छापलेलं असतं.

या सरमिसळीला कारण आहे. मराठीत हा प्रकार रुजला तो बऱ्याच अंशी विज्ञानप्रसाराच्या अंगणात. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली ती विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी. तिच्याच स्पर्धेला १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यामुळे 'यातून विज्ञान किती कळलं?' हा प्रश्न कथेला पहिल्यापासून चिकटला. तो प्रश्न लेखाचा आहे, कथेचा नाही.

एकच विषय दोन्ही प्रकारे लिहून पाहू. अभिजित तारा आपल्यापासून सुमारे २५ प्रकाशवर्षं दूर आहे. प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने यान तिथे जाऊन लगेच परतलं, तर पृथ्वीवर सुमारे ५१ वर्षं जातात आणि यानात जेमतेम १०, कारण सापेक्षतेच्या नियमानुसार इतक्या वेगाने जाणाऱ्या यानात काळ हळू चालतो. (वेग वाढवण्या-कमी करण्यात जाणारा काळ इथे सोडला आहे.)

पहिल्या प्रकारात शास्त्रज्ञ आजोबा नातवाला हेच समजावतात. नातू नेमका योग्य ठिकाणी 'म्हणजे कसं?' विचारतो. हे लेखन उपयोगाचं आहे, आणि नववीतल्या मुलाला सापेक्षता कळली तर ते यशस्वीही आहे. पण आजोबा आणि नातू काढून टाका, मजकुराचं काहीच बिघडत नाही. त्याची पारख अचूकपणा आणि सोपेपणा यांवरच व्हायला हवी.

दुसऱ्या प्रकारात यानात ३५ वर्षांची आई आहे. घरी ८ वर्षांची मुलगी, जी दर रविवारी आईला रेडिओवरून पत्र पाठवते. जाताना यान संदेशांपासून दूर पळत असतं, म्हणून आईला १० आठवड्यांनी एक पत्र मिळतं. जाण्याच्या ५ वर्षांत सगळी मिळून २६च्या आसपास पत्रं, म्हणजे मुलीच्या आयुष्यातले फक्त सहा महिने. परतताना चित्र उलटतं. आठवड्याला जवळपास १० पत्रं येऊ लागतात आणि उरलेल्या ५ वर्षांत मुलीची ५० वर्षं आईच्या अंगावर कोसळतात: दहावी, नोकरी, लग्न, चष्मा, गुडघेदुखी. आई उतरते तेव्हा ४५ची, मुलगी ५९ची. आता कोणी कोणाला सांभाळायचं?

या कथेतलं यान काढून आईला नोकरीसाठी दुबईला पाठवा. विरह उरेल, पत्रंही उरतील, पण मुलगी आईपेक्षा मोठी होणार नाही आणि आधी दुष्काळ, मग पूर अशी पत्रांची लयही जाईल. म्हणजे भौतिकशास्त्राच्या नियमाने इथे कथेचा घाट ठरवला आहे. कादंबरीत काळाची रचना कशी केली आहे हे आपले समीक्षक बारकाईने पाहतात. तीच नजर इथेही लावायला हवी, आणि ती लावली जात नाही याचं खरोखर वाईट वाटतं.

अर्थात विज्ञान बरोबर असलं म्हणून कथा चांगली ठरत नाही. सगळ्यात जास्त फसतात ते संवाद. दोन अंतराळवीर एकमेकांना 'तुला माहीतच आहे की...' म्हणत शाळेत शिकलेलं सांगतात, कारण लेखकाला वाचकाची काळजी वाटत असते. त्यापेक्षा पत्रांवरच्या तारखा दाखवाव्यात, गणित वाचक करतो. दुसरी चूक शेवटी होते. ९८ टक्के वेग देणारं इंजिन आज नाही, पण कथेपुरतं ते मान्य करायला हरकत नाही. एक गृहीतक मागण्याचा हक्क लेखकाला आहे. मात्र शेवट गोड करायला एखादं पत्र प्रकाशाहून वेगाने पोचवलं, की आधीची सगळी पानं खोटी पडतात. आणि आईला स्वभावच नसेल, ती फक्त 'अंतराळवीर' असेल, तर नाक मुरडणाऱ्या समीक्षकाचं बरोबर आहे.

बाहेरही हा दुजाभाव आहेच. ब्रिटिश लेखिका डोरिस लेसिंग यांनी १९७९ ते १९८३ या काळात अंतराळावर पाच कादंबऱ्यांची मालिका लिहिली. त्यांना २००७ मध्ये नोबेल मिळालं, तरी त्यांची ओळख सांगताना ही मालिका सहसा मागेच राहते. आपल्याकडे नारळीकर २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हा मोठाच मान. साहित्य अकादमीचा पुरस्कार मात्र त्यांना २०१४ मध्ये मिळाला तो आत्मचरित्रासाठी.

स्पर्धा घेणाऱ्यांनी आणि संपादकांनी निदान दोन विभाग वेगळे करावेत. लेख तपासायला त्या विषयाचा जाणकार पुरेसा आहे. कथेच्या परीक्षकांत मात्र कथा वाचणारा माणूस हवाच, आणि त्याने पहिलं वाचन विज्ञानाच्या चुका न शोधता करावं.