वालाची साल आणि रक्तातले लोह

2018 पासून सप्टेंबर हा ‘राष्ट्रीय पोषण माह’ म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने शाळांतून लागणाऱ्या तक्त्यांवर लालभडक बीट हमखास असते. लाल पदार्थ खाल्ला की रक्त वाढते, ही समजूत त्यामागे आहे. बीटाचा रंग बीटालेन या रंगद्रव्यांचा असतो, त्यांच्यात लोहाचा अणूही नसतो, आणि 100 ग्रॅम बीटात लोह जेमतेम 1 मिलिग्रॅमच्या आसपास भरते. कोकणच्या घराघरांत शिजणाऱ्या कुळीथ, वाल, मटकी या कडधान्यांत ते त्याच्या कितीतरी पट असते.

मात्र पदार्थात लोह असणे आणि ते रक्तात पोहोचणे यांत मोठे अंतर आहे. आपल्या धान्य-कडधान्यांच्या जेवणातील लोहापैकी साधारण 5 ते 8 टक्केच अंगी लागते. याचे एक मुख्य कारण म्हणजे फायटिक आम्ल. बी आपला बराचसा फॉस्फरस या रूपात साठवते. इनॉसिटॉल या सहा कार्बनच्या कड्याला सहा फॉस्फेट गट चिकटलेले असतात आणि त्यांच्यावरील ऋणभार लोह, जस्त व कॅल्शियम यांना जखडून ठेवतो. ही गाठ सोडवणारे फायटेज हे विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात जवळजवळ नसतेच. बीजाकडे ते असते, कारण अंकुराला वाढीसाठी तो फॉस्फरस हवा असतो. वाल भिजून मोड येऊ लागले की फायटेज एकेक फॉस्फेट तोडत जाते. सहापैकी एक-दोन सुटून भागत नाही, निम्म्याहून अधिक सुटले तरच लोहावरची पकड खऱ्या अर्थाने ढिली होते. म्हणून एका दिवसाच्या मोडांनी हे काम अर्धेमुर्धेच होते, हेही सांगितले पाहिजे.

मोड आलेल्या, सोललेल्या वालांची उसळ म्हणजे बिरडे; त्याची पुढची पायरी मला अधिक आवडते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायचे. दोन बोटांत दाबला की वाल सालीतून टुणकन बाहेर पडतो आणि हाती फिकट, गुळगुळीत डाळिंबी राहते. लोहाला अडवणारी टॅनिनसारखी पॉलिफिनॉल द्रव्ये मुख्यतः याच सालीत असतात, त्यामुळे सालीबरोबर तीही जातात. शिवाय फायटेज कोमट पाण्यात थंड पाण्यापेक्षा अधिक चपळ असते, तेव्हा सोलण्यापूर्वीचे ते भिजवणेही वाया जात नाही.

उरलेले काम क जीवनसत्त्वाचे. वनस्पतींतील लोह बहुतांशी फेरिक रूपात असते, तर आतड्याच्या पेशींतील वाहक प्रथिन फेरस लोहच आत घेते. क जीवनसत्त्व पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करते आणि लोह विरघळलेले ठेवते. ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू शिजत्या उसळीत न पिळता ताटात पिळावे. जेवणाला लागून चहा दिला तर त्यातील टॅनिन पुन्हा लोह अडवते. उंची आणि बुद्धी वाढवण्याची हमी देणाऱ्या महागड्या भुकट्या दुधातून पाजणाऱ्या पालकांनीही लक्षात घ्यावे की, त्याच वेळच्या जेवणातील लोहाच्या शोषणाला दुधातील कॅल्शियम काहीसा अडथळाच करते.

पहिली ते पाचवीच्या मुलामागे शालेय पोषण आहारात रोज 20 ग्रॅम डाळ-कडधान्य धरलेले आहे. एवढ्याशा कडधान्याचे काय करायचे, हे तक्ता वाचून कळत नाही, ते हाताने करावे लागते. तिसरी-चौथीच्या मुलांनी संध्याकाळी वाल भिजत घालावेत, सकाळी फडक्यात बांधावेत आणि दुसऱ्या दिवशी सोलायला बसावे. अंकुरणाचा धडा त्यातच होऊन जातो. मोड मोजपट्टीने मोजले तर गणितही होते. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत मोडांना चटकन बुळबुळीतपणा येतो, म्हणून फडके रोज धुऊन वाळवावे आणि वास आलेले मोड टाकून द्यावेत. ज्या उबेत व ओलीत मोड वाढतात तिच्यात जिवाणूही वाढतात, तेव्हा सोललेल्या डाळिंब्या मुलांनी कच्च्या तोंडात टाकू नयेत. त्या स्वयंपाकीण ताईंकडे द्याव्यात आणि चांगल्या शिजवूनच वाढाव्यात.