आजारपणामुळे पीएफची पेन्शन: मुदतपूर्व घ्यायची की अपंगत्वाची?

आमच्या शेजारचे काका सूतगिरणीत होते. एक्कावन्नाव्या वर्षी दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. रात्रपाळी सोडाच, साच्यासमोर तासभर उभं राहवेना. "नोकरी सोडा आणि पेन्शन तरी चालू करून घ्या," असं कुणीतरी सुचवलं. १०-डी फॉर्म आला. त्यात पेन्शनचा प्रकार विचारलेला असतो. फॉर्म भरून देणाऱ्याने तिथे मुदतपूर्व पेन्शन लिहिली आणि काकांनी थरथरत्या हाताने खाली सही केली. हक्काच्या पेन्शनचा साधारण पाव हिस्सा तिथेच गेला, तोही जन्मभरासाठी.

कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये या दोन वेगळ्या वाटा आहेत. फॉर्म एकच असल्यामुळे घोटाळा होतो.

मुदतपूर्व पेन्शनचा आजाराशी काही संबंध नाही. किमान १० वर्षांची पेन्शनपात्र सेवा झालेली, वयाची पन्नाशी गाठलेली आणि नोकरी सुटलेली असली की धडधाकट माणूसही ती मागू शकतो. मात्र ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात. ४,००० रुपये बसणारी पेन्शन एक्कावन्नाव्या वर्षी घेतली, तर हातात ३,००० च्या आसपास पडतात. पुढे ५८ पूर्ण झाली की रक्कम आपोआप पूर्ववत होईल, असं अनेकजण धरून चालतात. तसं होत नाही.

अपंगत्वाच्या पेन्शनमध्ये ही वयाची कपात नाही. पन्नाशीची अट नाही, १० वर्षांचीही नाही; पेन्शन फंडात एका महिन्याची वर्गणी जमा झालेली असली तरी पुरे. अट एकच, पण कडक: नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलेलं असलं पाहिजे. ठरवून दिलेली वैद्यकीय तपासणी होते. अपंगत्व आलं तेव्हा जे काम करत होता, त्यासाठी माणूस कायमचा अयोग्य झाला आहे का, हे तिथे पाहतात. बायपासनंतर सहा महिन्यांत कामावर परतता येणार असेल, तर हा दावा टिकणार नाही.

"अपघात कारखान्यात झाला नाही, मग आपल्याला कसली अपंगत्वाची पेन्शन?" हे वाक्य मी किती घरांत ऐकलं आहे! कामावरच्या दुखापतीची भरपाई हा ईएसआयचा, म्हणजे कामगार विमा योजनेचा विषय. पेन्शन योजनेच्या व्याख्येत मात्र अपंगत्व कामामुळे आलं की इतर कशाने, याने फरक पडत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. घरी झोपेत आलेला पक्षाघातही त्यात बसू शकतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, राजीनाम्याची घाई करू नका. अपंगत्व नोकरीत असतानाच आलं, हे कागदावर दिसलं पाहिजे. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, डॉक्टरांचं तारखेसह प्रमाणपत्र, रजेचे अर्ज, सगळं एका फाइलमध्ये लावा. पेन्शन अपंगत्वाच्या दुसऱ्या दिवसापासून देय होते, म्हणून ती तारीख जपा. तपासणीत दावा नामंजूर झाला, तर पन्नाशीनंतर मुदतपूर्वचा रस्ता उरतोच. आधी मुदतपूर्व पेन्शन घेऊन मग चूक दुरुस्त करायला निघालात, तर आजारी माणसाला हेलपाटे पडतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तरुणांचं. सहा वर्षं नोकरी झालेला अडतिशीचा मुलगा अंथरुणाला खिळतो, घरचे १०-सी फॉर्म भरून पेन्शनचे साठलेले पैसे एकरकमी काढतात आणि ते दवाखान्याच्या एका बिलात संपतात. त्याला आयुष्यभर दरमहा पेन्शन मिळू शकली असती का, हे १०-सी वर सही करण्याआधी पीएफ कार्यालयात विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.